तोंडातलं बूच

मिस्त्रींबद्दल लिहायचं तर आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. ते समोर असताना मी त्यांना कायम अरे-तुरे केलं. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, पण मालक त्यांना अरे-तुरे करत, तेव्हा मालकांच्या डायव्हरनंही करावं, एवढीच माझी तेव्हाची अक्कल. ते मात्र मला, चोवीस वर्षांच्या पोराला, 'तुमी' म्हणायचे. आज लिहिताना मी 'ते' लिहितोय. ऐकायला ते नाहीत, त्यामुळे या मानाचा उपयोग झाला तर मलाच.

त्यांना नाव होतं, पण ते कुणी विचारलं नाही. सन पस्तीसच्या सुमाराला बारामतीपासून इंदापुरापर्यंत मोटारी बोटावर मोजण्याइतक्या, आणि त्यातली एखादी अडली की 'मिस्त्रीला बोलवा' म्हटलं की पुरे व्हायचं. उंच, वाळकुडे, पाठीत वाकलेले. मोटारीखाली शिरताना वहाणा काढून बाजूला ठेवायचे. मी एकदा चेष्टेनं म्हटलं, "का रं मिस्त्री, देऊळ हाय का ह्ये?" तर म्हणाले, "देवळात पायतान घालून गेलं तर देव काय करत न्हाय, डायवर. हितं तेलात खडा गेला तर इंजान करतं."

आमचे मालक पिंपळीचे मोठे बागायतदार. कालव्याचं पाणी, ऊस, दोन गुऱ्हाळं, आणि डोक्यात कायम काहीतरी नवीन. एकदा पुण्यात त्यांनी कुणा गोऱ्या साहेबाची मोटार पाहिली. तिच्यात झोपायला खाट, जेवायला मेज, चहाला स्टो, सगळं होतं. तेव्हापासून मालकांना घरात झोप येईना. एक जुनी लॉरी घेतली, बारामतीचा सुतार बसवला आणि दोन महिन्यांत तिच्या पाठीवर सागवानी खोली उभी राहिली. दोन्ही अंगाला बाकं, ती उघडली की बिछाने. भिंतीला बिजागरीचं मेज. खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि आरसा, तोही मालकीणबाईंनी हट्टानं लावलेला. लोक तिला 'बिऱ्हाडाची मोटार' म्हणायला लागले. भिगवणच्या बाजारात एकानं तर मला विचारलं होतं, "ह्यातली एक खोली भाड्यानं मिळंल का?"

मालक तिच्यातून पाहुण्यांना घेऊन शिकारीला जायचे, नदीकाठी मुक्काम करायचे, नाहीतर नुसतेच फिरून यायचे. चालवणारा मी. मॅट्रिक नापास, पण पुण्यात मोटार शिकून आलेलो. खाकी कोट आणि टोपी मालकांनी शिवून दिली होती. टोपी मी जेवतानाही काढत नसे. आणि गाडीच्या पोटातलं सगळं पाहणारे मिस्त्री. गाडीच्या छपरीला लागून त्यांची एक खोली होती. एकटेच राहायचे. मोटारीत मात्र ते कधी बसले नाहीत. "इंजान आधीच एवढं घर वढतंय, त्येला आनि माजं वजं कशाला?" म्हणायचे आणि बारामतीला जायचं झालं तरी चालत निघायचे. मोटार शेजारून जायला लागली की रस्त्याकडेला थांबून कान द्यायचे. माणसांना हात करायचे नाहीत.

त्यांचा खरा विक्षिप्तपणा तेल बदलताना दिसायचा. हे काम आजकाल गॅरेजवाले विडी ओढत करतात. इंजिनाखाली तेलाची टाकी असते, तिच्या तळाला आट्यांचं एक बूच असतं. ते पान्यानं सोडायचं, काळं झालेलं तेल घमेल्यात गळू द्यायचं, बूच परत आवळायचं आणि वरून नवं तेल ओतायचं. बूच आणि टाकी यांच्यामध्ये तांब्याची एक कडी बसते, अंगठीएवढी. तिला वायसर म्हणतात. ती नसली तर बूच आवळल्यासारखं वाटतं, पण रस्त्याच्या हादऱ्यानं सैल होत होत गळून पडतं. एवढं तपशिलात सांगतोय, कारण माझी सगळी लाज या दोन वस्तूंमध्ये आहे.

मिस्त्री बूच सोडायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि चक्क तोंडात टाकायचे. डावा गाल तोबरा भरल्यासारखा फुगायचा. वायसर करंगळीत घालायचे. मग घमेल्याशेजारी उकिडवे बसून गळणाऱ्या तेलाकडे बघत राहायचे. तेल आधी दोरीसारखं पडतं, मग सुतासारखं, मग थेंब थेंब. शेवटचा थेंब पडला आणि दुसरा येत नाही अशी खात्री झाल्याशिवाय बूच तोंडातून निघायचं नाही. दोन चिलमी ओढून व्हाव्यात इतका वेळ जायचा, आणि तेवढा वेळ हा माणूस मुका.

मी कारण विचारलं होतं. बूच बसवून झाल्यावर सांगितलं त्यांनी. "पयल्यांदा म्या एका ठेकेदाराकडं व्हतो. बूच खिशात ठिवलं, वरनं नवं तेल वतलं, आन समदं तेल खाली मातीत. खिसा इसरतो, डायवर. तोंड कसं इसरंल? बोलाय गेलं की आठवतंयच."

लोकांना हे ठाऊक नसायचं असं नाही, पण लोक नेमके तेव्हाच यायचे. कुणाला पंपाचं विचारायचं असे, कुणाला काढलेलं जुनं तेल बैलगाडीच्या आसाला हवं असे. मिस्त्री कुणाला हाकलायचे नाहीत. तळहात जमिनीवर दोनदा थोपटायचे. म्हणजे बसा. माणसं ओळीनं बसायची, आपापलं गाऱ्हाणं सांगून मोकळी व्हायची. तेल सरलं, बूच लागलं, की मिस्त्री तोंड धुऊन ज्या क्रमानं लोक आले त्या क्रमानं एकेकाला उत्तर द्यायचे. एकाचंही विसरायचे नाहीत. उत्तर दोन-चार शब्दांचं असायचं, पण ते ऐकून माणूस समाधानानं उठायचा. एक म्हातारी दर खेपेला ते काळं तेल गुडघ्याला मागायची. तिला म्हणायचे, "आजी, ह्ये लावशीला तर बारामतीपातूर पळत सुटशीला, मग तुला आनाय मोटार लागंल," आणि तरी एक वाटी भरून द्यायचे. वर "आदी जात्याच्या खुट्याला लाव, मग गुडघ्याला," असं बजावायचे.

एकदा मालक स्वतः तावातावानं आले. आदल्या दिवशी गाडी चढावर थांबली होती आणि पाहुण्यांदेखत शोभा झाली होती. मालक छपरीत उभे राहून नाही नाही ते बोलले. मिस्त्रींच्या तोंडात बूच. त्यांनी मालकांनाही जमीन थोपटून दाखवली. मालक आणखी भडकले आणि पाय आपटत बंगल्यावर गेले. अर्ध्या तासानं मिस्त्री बंगल्याच्या पायरीशी उभे. मालकांनी जेवढे शब्द टाकले होते तेवढ्यांना एकेक करून उत्तर. शेवटी म्हणाले, "आन चौथी गोष्ट तुमी म्हनलासा की म्या कामचोर हाय. त्येचं उत्तर न्हाय माज्याकडं, ते तुमीच बगा." मालक हसले. त्या दिवशी मिस्त्रींना बंगल्यातून चहा आला.

तेल कायम गरम इंजिनातूनच काढायचं, हा त्यांचा नेम. आधी गाडी फिरवून आणायला लावायचे. "गार इंजान खोटं बोलतं," असं त्यांचं म्हणणं. "ऊन हाय तवर घान तेलासंगं भाईर पडती. निवलं की तळाला बसती, मंग लाख बूच काढा." काढलेल्या तेलाचा एक थेंब ते अंगठ्याच्या नखावर घ्यायचे, उन्हात धरायचे, दोन बोटांत चोळायचे, वास घ्यायचे. त्यावरून गाडी किती पळाली, कुठल्या रस्त्यानं पळाली, हेही सांगायचे.

आणि याच कसबापायी मी एकदा सापडलो. भिगवणजवळच्या एका गावी माझी सोयरीक चालली होती. मुलीचा बाप अजून हो-ना करत होता. एक दिवस मालक परगावी गेलेले, तेव्हा मी बिऱ्हाडाची मोटार काढली आणि मुलीच्या दारासमोरून दोनदा हॉर्न वाजवत फिरवून आणली. पडदेसुद्धा उघडून ठेवले होते, आरसा दिसावा म्हणून. पुढं तेल बदलताना मिस्त्रींनी नखावरचा थेंब बराच वेळ पाहिला. बूच लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मालकांनी सांगितलं त्यापरास ही जास्ती पळलीया. पोरगी बगाय गेल्तासा का मोटार दावाय?"

माझा चेहरा पडला. ते म्हणाले, "तेल समदं सांगतं. म्या सांगत न्हाय. कवा हाय लगीन?"

"ठरंल असं वाटतंय," मी म्हटलं. "मोटारीवर नोकरी हाय म्हनूनच देत्यात पोरगी."

"मंग मोटार सांबाळा," एवढंच म्हणाले.

लग्न ठरलं. पुढच्या महिन्यातली तिथी निघाली. आणि त्याच सुमाराला मालकांचे व्याही सहकुटुंब पाहुणे आले. लोणी देवकरच्या माळावर हरणांच्या शिकारीला जायचं, तिथंच मोटारीत मुक्काम करायचा, असा बेत ठरला. निघायच्या दिवशी सकाळी मी गाडी गरम करून आणली आणि मिस्त्री तेल काढायला बसले. बूच तोंडात, वायसर करंगळीत. इतक्यात मळ्यातून माणूस पळत आला. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं होतं आणि उसाचं पाणी अर्ध्यात थांबलं होतं. मालक ओरडले, "मिस्त्री, ऊठ. आधी तिकडं जा."

मिस्त्रींनी जमीन थोपटली. मालक म्हणाले, "थोपटत काय बसलायस? पाहुणे खोळंबल्यात, ऊस वाळतोय. तेल काय, डायव्हर भरील."

मिस्त्रींनी एकदा घमेल्याकडे पाहिलं. तेल अजून सुतासारखं पडत होतं. मग त्यांनी तोंडातून बूच काढलं. तेल सरण्याआधी ते बाहेर आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बूच नीट पुसून त्यांनी माझ्या हातात दिलं आणि वायसर काढून माझ्याच करंगळीत घातलं. म्हणाले, "तोंडात धरा, डायवर. थेंब सरंस्तवर काडू नगा. लावायच्या येळी आदी वायसर, मंग बूच. आन दोनी हातांनी आवळा." विहिरीच्या वाटेला लागल्यावरही त्यांनी दोनदा वळून पाहिलं.

मी बूच तोंडात धरलं नाही. अंगात धुतलेला खाकी कोट, डोक्यावर टोपी, समोर ओसरीवर व्याह्यांची मंडळी चहा पीत बसलेली. त्यांच्यादेखत तेलकट लोखंड तोंडात धरून उकिडवं बसायचं? मला लाज वाटली. आयुष्यात नको तिथं वाटलेली ती लाज. बूच मी चाकावरच्या पत्र्यावर ठेवून दिलं.

व्याह्यांच्या मंडळींतल्या एकानं विचारलं, "तुमचा तो म्हातारा लोखंड खातो की काय?" झालं, मला चेव आला. मी एक अख्खी सुपारी गालात धरली, पाठीत वाकलो आणि मिस्त्रींची नक्कल केली. डोळे बारीक करून घमेल्याकडे बघणं, जमीन थोपटणं, नखावरचा थेंब, सगळं. मंडळींची हसून हसून मुरकुंडी वळली. मालकही हसले. मी पुन्हा करून दाखवलं. तेवढ्यात आतून सामान आलं, बायकामाणसं चढू लागली, मालक उरलेलं सामान काढायला आत गेले आणि तिथूनच "चला, चला" म्हणू लागले. मी पळत जाऊन पत्र्यावरचं बूच उचललं, बोटांनी फिरवलं, पान्यानं एकदा ओढलं, नवं तेल ओतलं आणि हॅन्डल मारलं.

भिगवण मागे पडलं. मालक माझ्या शेजारी, पाहुणे मागच्या खोलीत. मधल्या खिडकीतून माझ्या नकलेची पुन्हा फर्माईश झाली आणि मी गाडी चालवता चालवता गाल फुगवून दाखवला. तेलाचा दाब दाखवणारा काटा समोरच होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. इंजिनातून ठकठक यायला लागली, ती मला रस्त्यातल्या दगडांची वाटली. लोणी देवकरच्या अलीकडे माळावर इंजिन एकदम किंचाळलं आणि जाम झालं. खाली वाकून पाहिलं तर टाकीच्या तळाला बुचाच्या जागी नुसतं भोक, आणि त्यातून एक थेंबही पडत नव्हता.

मी उठून इंजिनाच्या झाकणावर हात टेकला आणि तेव्हा मला माझी करंगळी दिसली. तांब्याचं वायसर तिच्यात होतं. सकाळपासून अंगठीसारखं घालून मी मिरवत आलो होतो.

मालक उतरून आले. "काय झालं?"

"बूच पडलं, मालक."

"कुणी लावलं हुतं?"

मी हात कोटाच्या खिशात घातला आणि तिथंच बोटातून वायसर काढलं. सकाळी मालक सामानाच्या गडबडीत आत गेले होते, बूच लावताना त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. पुढच्या महिन्याची तिथी, मुलीचा बाप, डोक्यावरची टोपी, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, "मिस्त्रीनं." आणि विचारलेलं नसताना पुढं जोडलं, "विहिरीवरनं येऊन लावून गेला. घाईत व्हता."

व्याही भाड्याच्या बैलगाडीतून माघारी गेले. बिऱ्हाडाच्या मोटारीला चार बैल जुंपले आणि दोन दिवस मी ती ओढवत पिंपळीला आणली. वाटेत लोक हसत होते. भिगवणात कुणीतरी ओरडलं, "बिऱ्हाड बैलावर आलं रं!" मी टोपी काढून मांडीखाली घेतली होती.

मिस्त्री छपरीत वाट बघत उभे होते. वहाणा काढून खाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्यांची बोटं बुचाच्या भोकाभोवती फिरत असणार आणि वायसर बसल्याची खूण तिथं नाही हे त्यांना कळलं असणार. बाहेर आले तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या हाताकडे पाहिलं. करंगळीवर तांब्याचा हिरवट काळा वळ होता. घामानं उठलेला. मी दोन दिवस घासूनही तो गेला नव्हता.

मालक म्हणाले, "बूच तू लावलंस ना रं?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांच्या तोंडात काही नव्हतं. बोलायला ते मोकळे होते. मला अजून ती घटका आठवते, आणि आठवते ती माझ्या मनातली एकच गोष्ट: हा गप्प बसू दे. त्यांचं काय होईल हे त्या वेळी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

"बूच माजं व्हतं, मालक," मिस्त्री म्हणाले. "चूक माजी."

मालकांनी त्यांना त्याच दिवशी काढलं. व्याह्यांपुढं झालेली नाचक्की त्यांना कुणाच्या तरी माथी मारायला हवी होती. मिस्त्रींच्या हातचं इंजिन तोवर कधी मेलं नव्हतं. घर नाही, बायकामुलं नाहीत, तेवढी एक गोष्ट ते कधीमधी अभिमानानं सांगायचे. हत्यारांचं गाठोडं खांद्यावर टाकून ते इंदापूरच्या रस्त्याला लागले. जाताना मला म्हणाले, "नवं बूच आनलं की वायसरही आना." बस्स. त्यात टोमणा असता तरी मला बरं वाटलं असतं.

इंजिन पुण्याहून दुरुस्त होऊन आलं. माझं लग्न झालं आणि मालकांनी मोठ्या मनानं माझी वरात बिऱ्हाडाच्या मोटारीतून काढू दिली. आरशाला झेंडूची माळ होती. नवी नवरी शेजारी बसलेली आणि माझं सगळं लक्ष तेलाच्या काट्यावर.

वायसर मी फेकून देऊ शकलो नाही. कितीदा कालव्यावर गेलो आणि परत आणलं. एका डबीत घालून ट्रंकेत ठेवलं होतं. तीन वर्षांनी माझ्या बायकोला ते सापडलं. "ही कुनाची अंगठी म्हनायची?" म्हणून ती दारात उभी. तिला वेगळीच शंका आली असावी. तिची ती शंका फेडायला म्हणून मी खरं सांगायला लागलो आणि एकदा सुरू झाल्यावर सगळं सांगितलं. नक्कलसुद्धा.

तिनं वायसर परत डबीत घातलं. मग म्हणाली, "म्हंजे माज्या लग्नापायी त्या मानसाची भाकरी गेली व्हय?"

"तुज्यापायी न्हाय. माज्यापायी."

"ते कायबी आसंल. ह्ये त्यांचं हाय, त्यांच्या हातात दिऊन या. आन काय म्हनत्यात ते मला यिऊन सांगा."

मी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला गेलो. मिस्त्री मोटारस्टँडवर काम करतात एवढं ऐकून होतो. तिथं एकाला विचारलं तर तो हसला. "बूचवाला म्हातारा? त्यो काय तितं मोटारीखाली. तेल काडून दितो, पर बूच त्येला आवळू देत न्हाईत. एका बागायतदाराचं इंजान मारलंय त्यानं." खरंच, पाना घेऊन दुसरा एक फिटर बाजूला बाकावर बसला होता. बूच मिस्त्रींच्या तोंडात, पाना दुसऱ्याच्या हातात. माझ्या एका शब्दानं ही वाटणी केली होती.

ते घमेल्याशेजारी उकिडवे बसले होते. खूप थकले होते. डावा गाल फुगलेला. आणि तो फुगलेला गाल पाहून मला जे वाटलं ते लिहिताना हात जड होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, आत्ताच सांगून टाकावं, आत्ता ते बोलू शकत नाहीत.

मी त्यांच्यासमोर बसलो आणि धडाधडा सगळं सांगितलं. पत्र्यावर ठेवलेलं बूच, सुपारी, करंगळी, मालकांना दिलेलं उत्तर. "तुला ठाऊक व्हतं. माजा हात बगितलास तू. मंग गप का बसलास?" असंही विचारलं. त्या दिवशीसुद्धा अरे-तुरेच. वायसर काढून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी ते घेतलं, उन्हात धरून आतून-बाहेरून पाहिलं आणि करंगळीत आधीच असलेल्या वायसरावर चढवलं. मग माझ्याकडे पाहून त्यांनी जमीन दोनदा थोपटली.

मी बसून राहिलो. तेलाची धार सुतासारखी होती, ती तुटली. थेंब पडायला लागले. आधी भराभर, मग सावकाश. मी थेंब बघत होतो आणि मला दर थेंबाला जास्त भीती वाटत होती. ते शिव्या देतील याची भीती नव्हती. दोन-चार शब्दांत ते नेमकं काय म्हणतील, आणि ते घेऊन मला जन्मभर राहावं लागेल, याची होती. कदाचित त्यांनी माफ केलं असतं. मला तेही ऐकवणार नव्हतं. एक थेंब पडला. दुसरा बुचाच्या भोकाशी जमायला लागला.

"माजी मोटार सुटंल," मी म्हणालो आणि उठलो.

त्यांनी पुन्हा जमीन थोपटली. या वेळी जरा जोरात. मी चालायला लागलो होतो. सर्व्हिस मोटारीत चढून बसलो तेव्हा मागं पाहिलं. मिस्त्री उभे राहिले होते. बूच त्यांच्या हातात होतं, तोंड मोकळं होतं, आणि ते गर्दीत मला शोधत होते. मी मान खाली घातली. खिडकीला पडदा असता तर ओढून घेतला असता.

ते त्यानंतर दोन-अडीच वर्षं जगले. इंदापूर माझ्यापासून तेवढंच लांब होतं, एका सर्व्हिस मोटारीचं. मी गेलो नाही. मालकांनाही काही सांगितलं नाही. निवलं की घाण तळाला बसते, हे मला त्यांनीच सांगितलेलं होतं.

त्या दिवशी इंदापूरहून घरी आलो तर बायको दारातच उभी होती. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

"भेटले का?"

"भेटले."

"काय म्हनाले?"

"म्हनाले, झालं गेलं गंगेला मिळालं."

तिनं डोळ्यांना पदर लावला. "देवमानूस," म्हणाली, आणि मला ताट वाढायला आत गेली. पुढं चाळीस वर्षं ती कुणी रागावलं, कुणी भांडलं की त्यांना हे मिस्त्रींचं वाक्य म्हणून सांगायची. मी शेजारी बसून ऐकायचो.